जुलैतला अ‍ॅक्वाटिंट: जस्ताच्या प्लेटवर पांढरे ठिपके आणि काळ्याचा करडा

परळचा_गाळा

नमस्कार मंडळी. छापचित्रवाले इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. (नव्यांसाठी: अ‍ॅक्वाटिंट म्हणजे प्लेटवर राळेची पूड बसवून तापवून चिकटवायची आणि दाण्यांमधलं मोकळं जस्त अ‍ॅसिडला खाऊ द्यायचं. त्या खड्ड्यांत शाई धरते आणि करडे टोन छापतात.)

प्लेट जस्ताची, १८ गेज, १० बाय १२ इंच. राळेची पेटी लाकडी, आत हाताने फिरवायचा पंखा. नायट्रिक अ‍ॅसिड आणि पाणी १:१०, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, खिडकीत एक्झॉस्ट. पांढरा सोडून सहा टोन, सगळ्यात काळ्याला एकूण ६ मिनिटं. स्टॉपआउट (अ‍ॅसिड लागू नये म्हणून लावायचा लेप) म्हणजे हार्डवेअरमधलं तयार फ्रेंच पॉलिश. कागद ३०० जीएसएमचा हातकागद, रात्रभर भिजवलेला. शाई ऑफसेटची काळी.

पाऊस लागल्यापासून या तक्रारी आहेत:

१. मधल्या करड्या टोनमध्ये मोहरीएवढे पांढरे ठिपके, काही ठिकाणी तांदळाच्या दाण्यासारखे लांबट.
२. सगळ्यात काळा भाग त्याच्या आधीच्या टोनपेक्षाही फिका छापतो, आणि हाताला खरखरीत लागतो.
३. स्टॉपआउट लावलं तिथे कडेने अर्धा-एक मिलिमीटरची पांढरी किनार.

राळ बदलू, अ‍ॅसिड बदलू, की गणपतीपर्यंत लिनोच कापत बसू?

कानस_बारीक

आधी दोष प्लेटमध्ये आहे की छपाईत, ते ठरवा. नाहीतर राळही बदलाल, अ‍ॅसिडही बदलाल आणि ठिपके तिथेच राहतील.

एकाच प्लेटचे लागोपाठ तीन प्रिंट काढा आणि शेजारी ठेवा. ठिपका तिन्हींत त्याच जागी असेल तर तो प्लेटवर आहे. जागा बदलत असेल तर कागदावर पाणी राहिलंय किंवा फेल्टमध्ये (प्रेसवर कागदाच्या वर घालायच्या लोकरी कापडात) खडा आहे. टिपकागदाने न टिपलेला पाण्याचा थेंब तेलाची शाई घेत नाही, तिथे कागद कोरा राहतो. तुमचे लांबट ठिपके त्यातले असावेत असा माझा अंदाज, कारण राळेचा दाणा वितळला की गोल होतो, तांदळासारखा होत नाही.

प्लेटवरचे ठिपके दहापट भिंगाखाली बघा. प्लेट पूर्ण साफ करायची, राळ काढायला स्पिरिट, मग उजेडाकडे तिरकी धरायची. गोल, चकचकीत, कडा स्वच्छ असलेलं बेट दिसलं तर तिथे राळेची गुठळी पडली होती. कडा विरत गेलेला, बोटाच्या ठशासारखा डाग असेल तर तेलकटपणा. आणि पांढुरका, खडूसारखा खडबडीत डाग असेल तर तो जस्ताचा गंज, म्हणजे प्लेट अ‍ॅसिडमध्ये जायच्या आधीपासूनच खराब होती. वर्तमानपत्रात गुंडाळून एकावर एक रचलेल्या प्लेटा पावसाळ्यात हमखास असा गंज धरतात, कारण कागद ओल ओढतो आणि दोन प्लेटांच्या मध्ये हवा खेळत नाही. ठेवताना व्हॅसलिनचा पातळ हात देऊन बटरपेपर आणि वरून प्लॅस्टिक.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. १:१० मध्ये ६ मिनिटं ही रेषेची वेळ झाली, अ‍ॅक्वाटिंटची नाही. नायट्रिक जस्त जसं खाली खातं तसं आडवंही खातं. राळेच्या ठिपक्याखालचा खांब सगळ्या बाजूंनी बारीक होत जातो आणि शेवटी ठिपका सुटून वाहून जातो. मग शाई धरायला दाणाच उरत नाही, उरतो तो नुसता खोल खड्डा. पुसताना कापड त्याच्या तळापर्यंत जातं आणि शाई उचलतं. म्हणून काळ्याचा करडा.

या प्लेटला उपाय आहे: साफ करा, ग्रीस काढा, फक्त काळ्या भागावर नव्याने राळ टाका आणि कमी वेळ पुन्हा बाइट द्या, म्हणजे अ‍ॅसिडला खाऊ द्या. बाकी सगळं स्टॉपआउटखाली.

पुढच्या प्लेटपासून १:१५. दोन लिटर हवं असेल तर १८७५ मिली पाणी आणि त्यात १२५ मिली अ‍ॅसिड. आधी पाणी, मग अ‍ॅसिड. उलटं कधीच नाही. १० बाय १२ च्या प्लेटला दोन लिटरपेक्षा कमी घेऊ नका, थोडं द्रावण लवकर तापतं आणि तापलं की दुप्पट वेगाने खातं. प्लेटची पाठ उघडी आहे का? असेल तर पॅकिंग टेपने पूर्ण झाका. उघड्या पाठीमुळे दुप्पट जस्त विरघळतं, दुप्पट उष्णता निघते, आणि तुम्ही घड्याळ बघून जे टोन मोजता ते सगळे सरकतात. ब्लॉकमेकरकडच्या प्लेटेला मागून लेप असतो, कीका स्ट्रीटच्या धातूबाजारात किलोवर घेतलेल्या साध्या पत्र्याला नसतो. (१० बाय १२, १८ गेजचा जस्ताचा पत्रा साधारण ६७५ ग्रॅम भरतो. काट्यावर पाऊण किलोच्या वर दाखवला तर गेज वेगळा आहे.)

राळपेटी

बारीकरावांचं निदान बरोबर आहे. मी फक्त राळेबद्दल लिहिते, कारण पावसाळ्यात निम्मा घोळ तिथेच असतो.

राळ कुठून आणली? काष्ठौषधीच्या दुकानात 'राळ' मागितली की बऱ्याचदा सालाच्या झाडाची मिळते, धूप घालायची. आपल्याला हवी ती चिडाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढल्यावर उरलेली, पिवळसर, काचेसारखी फुटणारी. दुकानात 'रोझिन' म्हणा. सोल्डरिंगचं सामान विकणाऱ्यांकडेही असते. नेहमी खडे घ्यायचे, तयार पूड नाही. पूड पिशवीतच ओल धरते.

खल करताना एका वेळी चमचा-दोन चमचेच. मग दुहेरी मलमलीतून गाळायची. गाळलेली पूड घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. बरणी हलवली की पूड पाण्यासारखी सैल वाहायला हवी. भिंतीला ढेकूळ चिकटत असेल तर ती राळ त्या दिवशी वापरायची नाही.

पेटी उडवल्यावर प्लेट लगेच आत सरकवू नका. पहिले १५-२० सेकंद जड दाणे आणि गुठळ्या खाली पडतात, त्या प्लेटवर नकोत. तुमच्या मोहरीचं मूळ बहुतेक इथेच आहे. वीस आकडे मोजा, मग प्लेट आत, दार बंद, तीन ते पाच मिनिटं. बाहेर काढताना श्वास रोखून काढा. अर्धी प्लेट झाकली गेली पाहिजे, त्याहून जास्त नको. भिंगाखाली दाणा आणि मोकळं जस्त साधारण सारखं दिसलं की झालं. पहिल्या उडवण्यात कमी पडली तर पुन्हा उडवा, बोटाने शिंपडू नका.

पेटीत ओल राहते म्हणून आत बल्ब लावा, असं कुणी सांगेल. अजिबात ऐकू नका. हवेत उडालेली राळेची धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. पेटी कोरडी करायची तर आदल्या रात्री आत उघड्या वाटीत सिलिका जेल ठेवून दार लावा. शेगडी पेटीपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. आणि धुळीचा मास्क लावून काम करा, राळ छातीला वाईट.

आता तापवणं. प्लेट जाळीवर, खालून बर्नर सतत फिरता ठेवायचा. डोळा प्लेटच्या पातळीला आणून तिरकं बघा: आधी पिठूर पांढरं दिसतं, मग एका कोपऱ्यातून ओलसर चमक सुरू होते आणि तो भाग पारदर्शक होतो. चमक जशी पुढे सरकते तसा बर्नर पुढे न्यायचा. शेवटचा कोपरा पारदर्शक झाला की तत्क्षणी उचलून थंड लादीवर. तिथे आणखी दहा सेकंद रेंगाळलात तर दाणे पसरून एकमेकांत मिसळतात आणि प्लेटवर वार्निश होतं, अ‍ॅसिड आत शिरतच नाही. कमी तापली तर अ‍ॅसिडमध्ये दाणे सुटून तरंगतात. गार झाल्यावर कोपऱ्यात हलकं बोट फिरवा. पूड लागली तर परत जाळीवर.

एक प्रश्न: गाळ्यात एसी आहे का? थंड खोलीतली प्लेट बाहेरच्या दमट हवेत आणली की तिच्यावर बारीक दव धरतं, डोळ्याला दिसतही नाही. त्यावर राळ पडली की ती पडल्या जागी गोळा होते.

परळचा_गाळा

एसी आहे, आणि पेटी बाहेरच्या पोटमाळ्यावर. म्हणजे रोज तेच होतंय.

तीन प्रिंट शेजारी ठेवून बघितले. गोल ठिपके तिन्हींत जागच्या जागी, लांबट ठिपके प्रत्येकात वेगळीकडे. पाठ उघडी होती हेही कबूल.

ग्रीस काढायला भांड्याचं लिक्विड वापरतो, ते चालेल का? आणि किनारीचं कुणी सांगितलं नाही.

कानस_बारीक

भांड्याच्या लिक्विडमध्ये हातासाठी म्हणून काही मिसळलेलं असतं, त्याचा थर मागे राहतो. खडूची पूड घ्या, फळ्याचा खडू नाही, रंगवाल्यांकडची व्हायटिंग. त्यात पाणी आणि अमोनियाचे चार-पाच थेंब, दह्यासारखं करून कापसाने गोल गोल घासा, कडांसकट. मग नळाखाली धरा. पाण्याचा सलग पडदा प्लेटभर टिकला पाहिजे. कुठे पाणी फाटून मागे सरकलं तर तिथे अजून तेल आहे. धुतल्यावर टिपकागद आणि लगेच ड्रायर. ओलं जस्त पंख्याखाली सोडून चहाला गेलात की परत येईतो पांढुरकं झालेलं असतं.

प्लेट आणि राळ एकाच खोलीत एकाच तापमानाला तासभर तरी असू द्या.

चपडा_आणि_स्पिरिट

किनारीचं मी सांगतो. तीन कारणं असू शकतात, तुमच्याकडे बहुधा पहिली दोन एकत्र आहेत.

राळ स्पिरिटमध्ये विरघळते. तयार फ्रेंच पॉलिश पातळ असतं. ब्रशमधून जास्तीचं स्पिरिट आधी पुढे धावतं, शेजारचे दाणे विरघळवतं आणि ती विरघळलेली राळ कडेला सपाट थर होऊन बसते. पॉलिश दिसतं त्याच्या पलीकडे एक न दिसणारी पट्टी तयार होते, तीच तुमची पांढरी किनार. टर्पेंटाइनमध्ये कालवलेलं डांबरी स्टॉपआउट वापरलं तरी तीच गत, कारण राळ त्यातही विरघळते, फक्त जरा सावकाश. उपाय म्हणजे दाटपणा आणि हाताची सवय. चपडा (फ्रेंच पॉलिशमधली लाख) घरी भिजवा: १०० मिली स्पिरिटला २५ ग्रॅम, बाटली रात्रभर, अधूनमधून हलवत. उघडी ठेवून थोडा दाट होऊ द्या. ब्रश बाटलीच्या काठावर निपटून घ्या, कडेपासून दोन मिलिमीटर आत टेकवा आणि एकदाच कडेपर्यंत ओढा. त्याच जागी मागेपुढे घासू नका.

दुसरं, पावसाळ्यात चपड्यावर पांढरट झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते, थर भुसभुशीत होतो आणि अ‍ॅसिड खालून झिरपतं. दोन पातळ थर द्या, मध्ये किमान अर्धा तास, आणि ड्रायर कोमट हवेवर, एक हात लांबून. थर काचेसारखा पारदर्शक दिसला तरच प्लेट ट्रेमध्ये. दोन थेंब जांभळा स्पिरिट-डाय टाकलात तर कुठे लागलंय आणि कुठे सुटलंय ते दिसतं.

तिसरं कारण म्हणजे नायट्रिकचे बुडबुडे कडेला अडकून बसतात आणि बुडबुड्याखाली बाइट थांबतो. पिसाने सतत हलके झाडत राहा. कावळ्याचं पीस खिडकीत फुकट मिळतं, पण कबुतराचं जास्त मऊ असतं आणि परळमध्ये त्याची काय कमी!

मोरचूद

सगळं वाचलं. पण मुळात इतक्या छोट्या गाळ्यात नायट्रिक का? खिडकीतला एक्झॉस्ट पुरत नाही, आणि कापडी मास्क किंवा एन-९५ त्या वायूला अडवत नाही. जस्तासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ आहे की.

एक लिटर पाण्याला ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम साधं मीठ. मोरचूद आधी कोमट पाण्यात विरघळवायचं, मग मीठ. निळं द्रावण हिरवं होतं. रेषा आणि अ‍ॅक्वाटिंट दोन्हीला चालतं. नाजूक टोनसाठी ५०-५० ग्रॅम. तपकिरी धूर नाही, घसा धरत नाही. जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं लालसर गाळासारखं सुटतं. तो गाळ मऊ ब्रशने झाडत राहायचा, नाहीतर खालचं जस्त झाकलं जातं आणि टोन डागाळतो. हिरवा रंग फिका पडत गेला की द्रावण संपलं समजा. ट्रे प्लॅस्टिकचाच, लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम चुकूनही नको.

टाकताना धुण्याचा सोडा घालत राहा, निळसर-हिरवा साका खाली बसतो. तो कापडातून गाळून वेगळा ठेवायचा. मोरीत ओतू नका, मोरचूद माशांना विष आहे.

राळपेटी

मोरचुदाशी सहमत, पण एक सांगायला हवं. उघड्या बाइटमध्ये ते जस्ताला स्वतःचाच एक खरखरीत पोत देतं. राळ न टाकताही करडा टोन येतो. काहींना तोच आवडतो. पण जिला गुळगुळीत, सपाट फिका टोन हवा तिला आधी पट्टी करून बघावी लागेल. नायट्रिकच्या वेळा इथे चालणार नाहीत.

पट्टी दोन्हीकडे तीच: त्याच पत्र्याचा दोन इंची तुकडा, त्याच दिवशीची राळ. सगळं उघडं ५ सेकंद, एक पट्टा झाका, आणखी ५, झाका, मग १०, २०, ४०, ८०. म्हणजे एकूण ५, १०, २०, ४०, ८० आणि १६० सेकंदांचे सहा टोन. छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावा, खाली तारीख, द्रावण आणि थर्मामीटरचा आकडा. मोरचूद सावकाश खातं, त्यात याच आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट वेळा घेऊन सुरुवात करा. तुमच्या ६ मिनिटांचं काय चुकलं ते शेवटच्या दोन पट्ट्यांवरूनच कळेल.

आणि तांब्याच्या प्लेटांकडे वळायचा मोह झाला तर त्यांना खाणाऱ्या फेरिक क्लोराइडचा ट्रे वेगळा ठेवा. जस्त फेरिकमध्ये टाकलं की द्रावण झपाट्याने तापतं, आणि तांब्यासाठी वापरलेल्या फेरिकमध्ये टाकलं तर वरून तांब्याचा काळपट थर बसतो. दोन धातू, दोन ट्रे, दोन पिसं.

ओला_कागद

छपाईकडे कुणी नीट बघितलं नाही, लांबट ठिपके तिथलेच आहेत.

हातकागद रात्रभर भिजवायचा, हा नियम नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. दहा सेकंदांत शोषला तर कागदाला सायझिंग (खळ) हलकं आहे, त्याला ट्रेमधून एकदा फिरवून काढणं पुरे. मिनिटभर थेंब तसाच उभा राहिला तर वीस-तीस मिनिटं भिजवा. रात्रभर भिजलेला हलका कागद लिबलिबीत होतो, त्याचे तंतू शाईच्या खड्ड्यात तुटून राहतात आणि पुढच्या प्रिंटमध्ये तेच पांढरे दिसतात. तुमचे काही 'तांदूळ' हे तंतू असतील, चिमट्याने उचलून बघा.

भिजवलेले कागद टिपकागदात घालून प्लॅस्टिकमध्ये, वर सपाट वजन. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस टिकतात. जुलैत दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि तिसऱ्या दिवशी करडे ठिपके. उरलेले कागद पिशवीसकट फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. प्रेसवर घ्यायच्या आधी कागद उजेडाकडे तिरका धरा: चमक दिसली तर पाणी वर आहे, पुन्हा टिपा. गार लागतोय पण चमकत नाही, असा हवा.

फेल्टचंही बघा. कागदाला लागणारं पहिलं फेल्ट सायझिंग पिऊन कडक होतं आणि कडक फेल्ट कागदाला खड्ड्यात ढकलू शकत नाही. मधले टोन डागडाग येतात. कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवा. पावसाळ्यात वाळायला चार दिवस धरा, म्हणून दोन जोड हवेत. रात्री फेल्ट रोलरखाली दाबून ठेवू नका, आणि प्रेसच्या बेडला मशीन ऑइलचा हात फिरवून निघा.

शाई ऑफसेटची चालते, पण ती चिकट असते आणि त्यात ड्रायर असतो. चिकटपणा मोडायला मॅग्नेशियम कार्बोनेट थोडं थोडं कालवा आणि कच्च्या अळशीच्या तेलाचे काही थेंब. सुरीवरून हळू सुटून पडली पाहिजे, तार ओढता कामा नये. पुसायची खळीची मलमल दमट हवेत लुळी पडते आणि खड्ड्यातली शाई उपसते. वापरण्याआधी इस्त्री फिरवून कडक करून घ्या. हा एवढाच बदल केलात तरी काळा एक पायरी गडद येईल.

अवांतर: जस्तावर पिवळा किंवा पांढरा छापायचा विचार असेल तर सोडा, शाई धातूशी लागून हिरवट-करडी मळते. रंगासाठी तांबं.

परळचा_गाळा

चिमट्याने बघितलं, तंतूच निघाले. थेंब सात सेकंदांत शोषला.

पाठीला टेप लावली, पेटी खाली आणून एसी बंद केला, नायट्रिक १:१५ वर पट्टी केली. २० आणि ४० सेकंदांचे टोन एकदम स्वच्छ. ८० चांगला काळा. १६० ला थोडी खरखर सुरू झालीय, आणि तो ८० पेक्षा जेमतेम गडद. द्रावण ३१ अंश होतं. मोहरीएवढा ठिपका पूर्ण पट्टीत एकच.

म्हणजे काळा ८० वरच थांबवू?

कानस_बारीक

१०० ते ११० वर थांबवा. त्याहून गडद हवा असेल तर वेळ वाढवू नका. राळ काढून नवीन, जरा बारीक दाण्याची टाका आणि त्या भागालाच पुन्हा ४० द्या. आणि तिसऱ्या-चौथ्या प्लेटनंतर द्रावण मंदावतं, तेव्हा नवी पट्टी.

चपडा_आणि_स्पिरिट

पट्टीवर स्टॉपआउटची किनार कशी आली ते लिहिलं नाहीत. फोटो टाका, भिंगातून काढलेला.